फिट लपवून लग्न कशाला?

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. खाली कोसळणारी बाई आणि तिच्यावर हात पसरून उभा असलेला पाद्री. बेळगावहून सहलीला आलेली आमची मुले हमखास विचारतात, "सर, हिला फिट आलीय? हा मंत्र घालतोय का?" वास्तविक कांदोळीत जन्मलेला फारिया (१७५६–१८१९) हा संमोहनाचा अभ्यासक, पुतळ्याचा फिटशी काही संबंध नाही. पण मुलांच्या प्रश्नात आपल्या घराघरांतली समजूत नेमकी उतरली आहे.

फेफरे म्हणा, अपस्मार म्हणा, की कन्नडमधला 'मूर्छे रोग', ही बाहेरची बाधा नव्हे. मेंदूतील विद्युतसंदेशांत काही काळ बिघाड होतो, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील सत्तर टक्के लोक फिटमुक्त राहू शकतात. तरीही लग्नाचे नाव निघाले की घरची माणसे गप्प होतात.

या गप्प बसण्याला एकेकाळी कायद्याचीही साथ होती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे वेडाचे झटके आणि अपस्मार एका ओळीत बसवले, आणि तेवढ्यावरून विवाह रद्द करून घेण्याची वाट मोकळी झाली. १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द वगळला. गोव्यात विवाहाला पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे. म्हणजे चोर्ला घाट उतरला की कायदा बदलतो. लपवाछपवी मात्र दोन्हीकडे सारखीच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन डिचोलीला गेली. आईने गोळ्यांची पाकिटे साडीच्या घडीत दडवून दिली आणि बजावले, "अत्तेला कळू देऊ नकोस." सणाची धावपळ, जागरण, त्यात दोन दिवस गोळ्या चुकल्या आणि भर पाहुण्यांत फिट आली. सासू एवढेच म्हणाली, "आजाराचे काही नाही गो, पण आम्हांला सांगितले का नाही?" तिला दुखले ते खोटे वागणे.

याच मौनाविरुद्ध जगभर काम चालू आहे. १९६१ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल ब्युरो फॉर एपिलेप्सी रुग्ण व कुटुंबीयांची बाजू मांडते. २०१५ पासून फेब्रुवारीचा दुसरा सोमवार आंतरराष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने कृती आराखडा मंजूर केला. २०३१ पर्यंत ऐंशी टक्के देशांनी अपस्मारग्रस्तांच्या हक्कांचे रक्षण करणारे कायदे करावेत किंवा सुधारावेत, हे त्याचे एक उद्दिष्ट. आपल्याकडे पुण्यात यशोदा वाकणकर यांनी हा आजार स्वतः सोसून २००४ मध्ये 'संवेदना' हा आधारगट सुरू केला.

पण कायदा झाला तरी बोलणे आपल्यालाच करावे लागते. सोयरिकीच्या पहिल्या बैठकीतच आजार, औषधे, डॉक्टरांचे मत मोकळेपणी सांगावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत. बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. फिट आल्यास माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावे. पाच मिनिटांवर गेल्यास दवाखाना गाठावा. कांदा, चप्पल, किल्ल्या यांची गरज नाही. सासरी गोळ्यांची जागा साडीच्या घडीत नसावी, जेवणाच्या टेबलावर असावी.