घराणे, वाटण्या आणि खरेशास्त्री

• कोण : वासुदेव वामन खरे (१८५८–१९२४). जन्म गुहागरचा, कर्मभूमी मिरज. शाळामास्तर, कवी, नाटककार, इतिहासकार.

• साधन : पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रे.

• ग्रंथ : १८९७पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’, शिवाय ‘हरिवंशाची बखर’, ‘इचलकरंजीचा इतिहास’.

• पार्श्वभूमी : मिरजेच्या पटवर्धन घराण्यातल्या चुलत्या-पुतण्याच्या वादातून सांगली मिरजेपासून वेगळी झाली. १८२०मध्ये मिरजेचे चार वाटे पडले. पुरुष वारस नसल्याने त्यांतले दोन इंग्रजांनी खालसा केले. थोरली आणि धाकटी पाती उरली.

• मोल : लढायांमागचे घर, नाती, सरंजाम आणि वारसाहक्क या पत्रांतून समजतात. मिरजेचा हा वारसा प्रत्येक मराठी वाचकाने वाचावा असाच आहे.