नेटबॅकअप प्रणालीतील किल्ली-गटांचे व्यवस्थापन

कूटबद्ध केलेली टेप हरवली तरी तीवरील माहिती परक्यास वाचता येत नाही; परंतु किल्ली हरवल्यास ती मूळ मालकासही वाचता येत नाही. या दृष्टीने प्रस्तुत लेखात नेटबॅकअप या बॅकअप प्रणालीतील किल्ली-गटांच्या कमांड लाइनवरील व्यवस्थापनाचे विवेचन केले आहे.

या प्रणालीत किल्ल्या गटांत ठेवल्या जातात. टेपसाठी गटाचे नाव व टेपसंचाचे नाव एकच असावे लागते आणि त्याचा आरंभ ‘ईएनसीआर’ या अक्षरांनी व अधोरेषेने व्हावा लागतो. ‘एनबीकेएमएसयूटिल’ या आज्ञेस ‘क्रिएटकेजी’ हा पर्याय जोडल्यास गट, तर ‘क्रिएटकी’ जोडल्यास किल्ली निर्माण होते.

किल्लीच्या पाच अवस्था आहेत : पूर्वसक्रिय, सक्रिय, निष्क्रिय, त्याज्य व समाप्त. एका गटात एका वेळी एकच किल्ली सक्रिय असते व नवे लेखन तिनेच होते. निष्क्रिय किल्ली केवळ जुन्या टेपच्या वाचनास उपयोगी पडते. त्याज्य किल्लीने दोन्ही होत नाही, मात्र तिला मागील अवस्थेत आणता येते. समाप्त किल्ली कायमची पुसता येते. म्हणून जुन्या टेपची मुदत संपेपर्यंत त्यांची किल्ली निष्क्रिय अवस्थेतच राखणे इष्ट ठरते.

परवलीच्या वाक्यापासून बनविलेली किल्ली तेच वाक्य व किल्लीची खूण देऊन ‘रिकव्हरकी’ या पर्यायाने पुन्हा मिळविता येते. यादृच्छिक किल्लीस हा मार्ग नाही. म्हणून किल्लीसंग्रहाची प्रत स्वतंत्र ठेवावी. ती त्याच कूटबद्ध टेपवर ठेवणे म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावण्यासारखे होय.