रक्ताची साक्ष

दुखणें हत्तीच्या पावलानें येतें आणि मुंगीच्या पावलानें जातें, असें आपण म्हणतों. परंतु एक दुखणें असें आहे कीं, तें येतें तेंच मुंगीच्या पावलानें. मोठ्या आंतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग हें तें दुखणें होय. इ. स. २०२२ सालीं जगांत सुमारें १९ लक्ष मनुष्यांस हा रोग नव्यानें जडला आणि सुमारें ९ लक्ष मनुष्यें त्यानें दगावलीं, असा अंदाज आहे. आपल्या देशांत त्याचें प्रमाण पाश्चात्य देशांच्या मानानें कमी आहे. तथापि आपल्याकडील रोगी बहुधा उशिरां डॉक्टरापुढें येतो, आणि पन्नाशीच्या आंतील रोगीही पुष्कळ आढळतात. म्हणून हा रोग आरंभींच ओळखण्याच्या कामीं रक्ताच्या परीक्षेचा उपयोग किती, याचा थोडक्यांत विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आंतड्याच्या आंतील अस्तरावर प्रथम एक लहानसा मांसल अंकुर फुटतो. असे बहुतेक अंकुर निरुपद्रवीच राहतात; परंतु त्यांतील कांहींचें, बहुधा दहा-एक वर्षांच्या अवधींत, कर्करोगांत रूपांतर होतें. या अवधींत तो अंकुर दिसला व काढून टाकला, तर पुढील अनर्थ टळतो. दुर्दैव असें कीं, या काळांत मनुष्यास कांहींच दुखत नाहीं. पुढें शौचावाटे रक्त पडूं लागलें, तरी तें मूळव्याधीचें म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. शिवाय ही गोष्ट चारचौघांत बोलावयाची लाज वाटते, आणि त्या लाजेपायीं महिने निघून जातात.

रोग हुडकण्याचे जुने मार्ग दोन. एक, मलाची परीक्षा करून त्यांत डोळ्यांस न दिसणारें रक्त आहे काय हें पाहणें. दुसरा, गुदद्वारांतून दुर्बीण घालून सर्व आंतडें प्रत्यक्ष न्याहाळणें. दुर्बिणीचा मार्ग सर्वांत खात्रीचा, कारण तिच्या साहाय्यानें अंकुर दिसतो आणि तेव्हांच कापतांही येतो. परंतु त्यासाठीं पोट साफ करावें लागतें, कुशल डॉक्टर लागतो व खर्चही होतो. मलाची परीक्षा स्वस्त व सोपी. पण पुष्कळांस तिचा संकोच वाटतो. रक्त काढून देण्यास मात्र कोणी सहसा नाहीं म्हणत नाहीं. यास्तव रक्तांतच या रोगाची कांहीं खूण सांपडेल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें उभा राहिला.

या शोधांतील पहिलें मोठें पाऊल १९६५ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें पडलें. फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांस आंतड्याच्या कर्करोगांत एक द्रव्य आढळलें. तेंच द्रव्य गर्भावस्थेंतील बालकाच्या आंतड्यांतही असतें. म्हणून त्यास ‘कार्सिनो-एम्ब्रिऑनिक अँटिजेन’, संक्षेपानें ‘सी. ई. ए.’, असें नांव पडलें. आतां रोगाची किल्ली हातीं आली, असें प्रथम वाटलें. परंतु पुढें दिसून आलें कीं, धूम्रपान करणाऱ्यांच्या व यकृताचा विकार असणाऱ्यांच्या रक्तांतही हें द्रव्य वाढतें. उलट, रोग लहान असतां तें पुष्कळदां वाढतच नाहीं. म्हणून निरोगी माणसांत रोग शोधण्यास तें निरुपयोगी ठरलें. शस्त्रक्रियेनंतर रोग पुन्हां उद्भवतो कीं काय, यावर नजर ठेवण्यास मात्र डॉक्टर आजही त्याचा उपयोग करतात.

दुसऱ्या मार्गाचा उगम याहूनही जुना आहे. १९४८ सालीं मांदेल व मेताय या दोघां फ्रेंच संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, मनुष्याच्या रक्तद्रवांत पेशींच्या बाहेर डीएनएचे सुटे तुकडे तरंगत असतात. शरीरांतील पेशी नित्य मरतात, आणि त्यांच्या डीएनएचा चुरा रक्तांत मिसळतो. तो तेथें फार टिकत नाहीं. तास-दोन तासांत त्याचा बहुतेक निचरा होतो. कर्करोगाच्या पेशीही मरतात, व त्यांचाही चुरा या प्रवाहांत पडतो. आतां प्रश्न असा कीं, हा तुकडा कोणत्या पेशीचा हें ओळखावें कसें?

येथें आमच्या हमरापुराकडील विद्यार्थ्यांस एक दृष्टान्त सहज पटेल. एकाच सांच्यांतून निघालेल्या गणपतीच्या मूर्ति दोन कारखान्यांत गेल्या, तर सांचा एक असूनही रंगकाम व डोळ्यांची आखणी निरनिराळी होते. जाणत्या कारागिरास एवढ्यावरून कारखाना ओळखतां येतो. शरीराच्या सर्व पेशींत डीएनएचा सांचा मुख्यतः एकच असतो. परंतु त्यावर मेथिल नांवाच्या लहान रासायनिक गटाचे ठिपके ठिकठिकाणीं बसलेले असतात, आणि या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक अवयवांत वेगळी असते. पेशी कर्करोगग्रस्त झाली म्हणजे ही मांडणी बिघडते. आंतड्याच्या कर्करोगांत ‘सेप्टिन ९’ या जनुकावर असे ठिपके गोळा होतात. याच खुणेवर आधारलेल्या रक्तपरीक्षेस अमेरिकेच्या सरकारी औषध-नियामक खात्यानें एप्रिल १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, एप्रिल २०१६ मध्यें मान्यता दिली. पुढें जुलै २०२४ मध्यें ‘शील्ड’ नांवाच्या, अनेक खुणा एकत्र पाहणाऱ्या परीक्षेस, ४५ वर्षें व त्यावरील सामान्य धोक्याच्या माणसांकरितां, त्याच खात्याची मान्यता मिळाली.

या परीक्षेचे आंकडे लक्ष देऊन वाचण्यासारखे आहेत. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत तिनें कर्करोग असलेल्या शंभर माणसांपैकीं सुमारें ८३ ओळखलीं. परंतु ज्यांचा पुढें कर्करोग होण्याचा संभव मोठा, असे अंकुर असलेल्या शंभरांपैकीं तिला अवघीं १३ ओळखतां आलीं. शिवाय असा कोणताही दोष नसलेल्या शंभरांपैकीं सुमारें दहांस तिनें उगाच संशयित ठरविलें.

याचा अर्थ गणितानें पाहूं. समजा, १,००० माणसांची परीक्षा केली व त्यांत सहांस कर्करोग आहे. परीक्षेनें पांच सांपडतील, एक निसटेल. उरलेल्या ९९४ पैकीं सुमारें शंभरांवर खोटा संशय येईल. म्हणजे ज्या १०५ जणांस ‘संशय आहे’ असें कळेल, त्यांत खरे रोगी पांचच. म्हणून संशय आलेल्या प्रत्येकानें दुर्बिणीची तपासणी करून घेतलीच पाहिजे, आणि घाबरून जातां कामा नये. उलट, परीक्षा निर्दोष आली तरी ज्यास रक्त पडतें त्यानें स्वस्थ बसूं नये. साक्षीदार चांगला असला तरी निकाल न्यायाधीशानेंच द्यावयाचा असतो. येथें रक्त साक्षीदार, आणि दुर्बीण न्यायाधीश.

कर्करोगाशीं झुंजण्याची परंपरा आपल्या प्रांतांत नवी नाहीं. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घातला. त्याच संस्थेचें संशोधन-केंद्र २००२ सालापासून आपल्याच रायगड जिल्ह्यांत खारघर येथें आहे. पण सर्वांत बोधप्रद उदाहरण सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीचें. तेथें १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गांवोगांव जाऊन लोकांस रोगाचीं लक्षणें समजावून सांगूं लागले. आणि कांहीं वर्षांत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत रुग्णालयांत येऊं लागल्या. कोणतेंही नवें यंत्र न आणतां, केवळ मोकळ्या बोलण्यानें एवढें साधलें.

रक्ताच्या परीक्षा सुधारतील व स्वस्तही होतील, अशी आशा करण्यास जागा आहे. परंतु तोंपर्यंत आपल्या हातीं असलेलें साधन वापरणें हें आपलें काम. शौचावाटे रक्त पडणें, शौचाची संवय कांहीं आठवडे बदललेली राहणें, कारणाशिवाय वजन घटणें वा अंगांतील रक्त कमी होणें, यांपैकीं कांहीं घरांतील वडील मंडळींत दिसलें, किंवा घराण्यांत पूर्वीं हा रोग झाला असला, तर त्यांस संकोच सोडून डॉक्टराकडे नेलें पाहिजे. बहुधा मूळव्याधच निघेल, आणि सर्व घर निश्चिंत होईल. क्वचित् दुसरें कांहीं निघालें, तर तें वेळेवर निघालें याचें समाधान लहानसहान नव्हे. मुंगीच्या पावलानें येणाऱ्या या शत्रूची चाहूल ज्यास प्रथम लागते, तो बहुधा डॉक्टर नसून घरांतलेंच माणूस असतें.