सांडपाण्याच्या नळाचा आवाज : कारणे आणि उपाय

घरात निजानीज झालेली असते. एवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी फ्लश सोडते आणि खालच्या खोलीत भिंतीलगत पाणी धो धो कोसळू लागते. आजारी माणूस, परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार यांना हा उपद्रव रोजच सोसावा लागतो. जुन्या घरावर मजला चढविताना न्हाणीघर सोयीच्या जागी बांधले जाते आणि त्याचा नळ खाली कोणत्या खोलीतून उतरणार, याचा विचार मागाहून होतो. तो आधी झाल्यास हा त्रास बव्हंशी टळू शकतो.

आवाजाच्या दोन वाटा

उभ्या नळातून उतरणारे पाणी बहुतांशी नळाच्या आतील बाजूस चिकटून वाहते व मध्यभागी हवा राहते. जेथे नळ वळतो, तेथे मात्र पाणी जोराने आदळते आणि नळ थरथरू लागतो. हा आवाज दोन वाटांनी खोलीत पोहोचतो. एक वाट नळाच्या पातळ कवचातून थेट हवेत जाते. दुसरी नळ धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमधून व स्लॅबच्या भोकातून इमारतीत शिरते. मग भिंतच ढोलाच्या पानासारखी आवाज देऊ लागते. एकच वाट बंद केल्याने म्हणूनच पुरता गुण येत नाही.

पूर्वी सांडपाण्यासाठी बिडाचे नळ सर्रास वापरीत. बीड हे पी.व्ही.सी.च्या सुमारे पाचपट जड असते. जड वस्तू सहजासहजी थरथरत नाही. त्यामुळे बिडाचा नळ तुलनेने शांत असतो. पी.व्ही.सी.चा नळ स्वस्त, हलका व न गंजणारा आहे. परंतु या हलकेपणामुळेच त्यातून आवाज अधिक बाहेर पडतो.

बांधकामाच्या वेळी

वरचे न्हाणीघर शक्यतो खालच्या न्हाणीघरावर किंवा स्वयंपाकघरावर यावे व नळ बाहेरच्या भिंतीने उतरवावा. तो झोपण्याच्या खोलीजवळून न्यावाच लागल्यास तेवढ्या भागापुरता बिडाचा किंवा जाड कवचाचा, आवाज कमी करणारा नळ घ्यावा. तळाशी काटकोनातील एका बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड जोडावेत, म्हणजे पाणी आदळण्याचा जोर कमी होतो. क्लॅम्प व नळ यांच्यामध्ये रबराची पट्टी घालावी. स्लॅबमधून जाताना नळाभोवती सिमेंट घट्ट न भरता मोठ्या व्यासाचे आवरण बसवावे आणि मधली फट लवचिक पदार्थाने बुजवावी.

बांधलेल्या घरात

नळ उघडा असेल तर आधी क्लॅम्प तपासावेत. ते सैल असल्यास रबर घालून पुन्हा बसवावेत. त्यानंतर नळाभोवती रॉकवूल गुंडाळून, नळाला वा त्याच्या क्लॅम्पला कोठेही न टेकणारी पेटी उभारावी. पेटीसाठी सिमेंटच्या किंवा जिप्समच्या तक्त्यांचे दोन थर द्यावेत. आवरणाचे वजन दुप्पट केल्यास आवाज साधारणतः ५ ते ६ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलची घट कानाला जवळजवळ निम्मी भासते. थर्मोकोल किंवा हलका फोम यांत वजनच नसल्याने नुसते ते गुंडाळून विशेष उपयोग होत नाही. पेटीच्या सर्व फटी बुजवाव्यात, कारण बोटभर फटीतूनही बराच आवाज निसटतो. नळाच्या सफाईसाठी ठेवलेले झाकणही रबराच्या कडेने घट्ट बसणारे असावे.

गुडगुड आवाजाकडे दुर्लक्ष नको

पाणी सोडल्यावर मोरीतून गुडगुड आवाज येत असेल, तर तो वेगळ्या दोषाचा इशारा होय. नळ अंशतः तुंबला असेल किंवा त्यात हवा शिरण्यास पुरेशी वाट नसेल, तर न्हाणी ट्रॅपमधील पाणी ओढले जाते. सुमारे ५० मिलिमीटर खोलीचे हे पाणी गटारातील दूषित वायू घरात येऊ देत नाही. ते नाहीसे झाल्यास दुर्गंधी पसरते व आरोग्यासही धोका पोहोचतो. येथे पेटीचा उपयोग नाही. नळ साफ करून घ्यावा, तसेच हवेचा नळ छपराच्या वर उघडा आहे याची खात्री करावी.

सामायिक इमारतीत नळ सर्वांचा असतो. तेव्हा फेरबदल करण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची संमती व जाणकार प्लंबरचा सल्ला घेणे इष्ट ठरते. रबराची पट्टी व योग्य बेंड यांना बांधताना फारसा खर्च येत नाही. तीच दुरुस्ती पुढे भिंत फोडून करावी लागते. म्हणून नकाशा आखतानाच वरच्या नळाखाली कोण झोपणार, हा प्रश्न प्रत्येक घरमालकाने स्वतःस विचारावा.