व्हिडिओ इम्पोर्ट होत नाही? कार्ड फॉरमॅट करू नका

ताडोबाच्या बफरमधून किंवा चपराळ्यातून कॅमेरा ट्रॅपचं कार्ड आणलं, लॅपटॉपला लावलं, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर फाइल घेतच नाही. घाबरू नका. आधी सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि दोन्हीकडच्या फाइलचा आकार जुळतो का बघा. कॉपी अर्धवट राहिली असेल, तर कारण तिथेच सापडलं.

आकार जुळला? मग फाइल व्हीएलसीत लावा. चालली तर ती बहुधा धड आहे, अडचण कोडेकची आहे. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय हे नुसते डबे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, ते कोडेक. एमपी४ मध्ये एच.२६४ असेल, एच.२६५ पण असेल. तुमच्या सॉफ्टवेअरला एच.२६५ झेपत नसेल तर हँडब्रेकने एच.२६४ ची प्रत काढा. नुसतं एक्स्टेन्शन बदलून काही होत नाही.

व्हीएलसीतही चालली नाही तर? एमपी४ ची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. मध्येच सेल संपले, तर चित्रं राहतात, अनुक्रमणिका नसते. अनट्रंक हे साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड फाइल नमुना म्हणून घेतं आणि बिघडलेली फाइल दुरुस्त करून पाहतं. दर वेळी जमेलच असं नाही.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: हँडब्रेकमधून निघालेल्या नव्या फाइलवर आजची तारीख पडते. आणि वाघ किती वाजता आला, हाच तर तुमचा डेटा! म्हणून मूळ फाइल जपा, वेळ तिच्यावरूनच नोंदवा.