अमिओडॅरोन सुरू झाले की आयएनआरकडे लक्ष

आपल्यातील अनेक ज्येष्ठ वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम घेतात. ठोके अनियमित असणाऱ्यांचा आयएनआर बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. त्यातच ठोक्यांसाठी अमिओडॅरोन सुरू झाले, की यकृतात रक्त पातळ करणारे औषध मोडण्याचे काम मंदावते, ते अंगात साठते आणि आयएनआर काही आठवड्यांत हळूहळू चढतो. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून खाते जुळले असे आम्ही बँकवाले तरी मानणार नाही! अमिओडॅरोन थांबवल्यावरही परिणाम काही महिने राहू शकतो. त्यामुळे डॉक्टर डोस कमी करून वरचेवर तपासणी सांगतात. ती चुकवू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर डायक्लोफिनॅक आणू नये. हिरड्यांतून रक्त आले, संडास डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.