बायपास हृदयाची, काळजी मूत्रपिंडाचीही

टेंभुर्णी परिसरातील रुग्णाला बायपास किंवा हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया सांगितली, की सोलापूर किंवा पुणे गाठावे लागते. घरच्यांचे सारे लक्ष हृदयाकडे असते. मात्र या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते आणि ती टाळण्याची तयारी घरापासूनच सुरू होते.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. हार्ट-लंग मशीनवर असताना रक्तप्रवाह बदलतो, काही तांबड्या पेशी फुटतात, शरीरात दाह निर्माण होतो. त्याचा फटका मूत्रपिंडांना बसतो. 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 ने वाढले किंवा 60 किलो वजनाच्या रुग्णाची लघवी सलग सहा तास ताशी 30 मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर डॉक्टर सावध होतात. बहुतेकदा ही इजा सौम्य असते. काहींना मात्र डायलिसिस लागते. मधुमेह, उच्च रक्तदाब, जास्त वय किंवा आधीच अधू मूत्रपिंड असल्यास धोका वाढतो.

इटली, सिंगापूर आणि क्रोएशियातील 3,511 रुग्णांवरील एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेतून अमिनो आम्ले दिलेल्यांपैकी 26.9 टक्के रुग्णांना, तर न दिलेल्यांपैकी 31.7 टक्के रुग्णांना मूत्रपिंडाची इजा झाली. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. म्हणजे उपाय आशादायक आहे, पण जादूचा नाही.

रुग्णाच्या हाती काय आहे? अंगदुखी, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. त्या घेत असाल, तर लपवू नका. भस्मे, काढे यांचीही माहिती द्या. सर्व औषधे पिशवीत घालून सोबत न्या. मधुमेहाची व रक्तदाबाची कोणती गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. अँजिओग्राफीतील डायचाही मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. म्हणून त्यानंतरचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा. पाणी किती प्यायचे, हेही विचारूनच ठरवा. कमकुवत हृदयाला जास्त पाणी झेपत नाही.

घरी परतल्यावर लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा वजन झपाट्याने वाढले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मूत्रपिंडाला इजा झाली असेल, तर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीची तपासणी पुन्हा करा. टाके सुकले, म्हणजे मूत्रपिंडही सावरले, असे समजू नये.